मध्ये बोलू नकोस

पोरी,

तुझा मेसेज आला, रेकॉर्डिंगही ऐकलं. आजी तारखा चुकवते, एकच प्रसंग दर वेळी वेगळा सांगते, आणि तिची माणदेशी बोली जशीच्या तशी लिहिली तर लोक हसतील, म्हणून शुद्ध करून लिहू का, असं विचारतेस. नको. आधी मला सांग, आजीच्या आठवणींत जागोजागी तुझाच आवाज का येतोय?

"आजी, दुष्काळ बहात्तरचा. तीन वर्षं नव्हता गं." हे तुझं वाक्य. त्यानंतर आजी गप्प. अगं, पाऊस १९७० पासूनच ओढ देत होता, १९७२-७३ हा त्याचा कळस. आपण कळसाचं साल पाठ करतो. दुष्काळी कामावर खडी फोडणारीला तिन्ही वर्षं काढावी लागली. म्हातारी बरोबर होती. पण ती चुकली असती तरी मध्ये बोलायचं नव्हतं.

मी बोललो होतो. माझी आई पानशेतच्या पुराची गोष्ट 'त्या रात्री' अशी सुरू करायची. मी तेव्हा नुकता शिक्षक झालेलो, अंगात मास्तरकी भिनलेली. १२ जुलै १९६१, सकाळी धरण फुटलं, पाणी पुण्यात दिवसाढवळ्या शिरलं, हे सगळं तिला कात्रणासकट दाखवलं. ती म्हणाली, "असेल बाबा. तू शिकलेला." पुढे पुराचा विषय निघाला की "तुला ठाऊकच आहे सगळं" म्हणून उठून जायची. ती गेल्यावर मावशीकडून कळलं. नारायण पेठेतला आमचा मातीचा वाडा दिवसाच बसला होता, पण आई रात्रभर ओल्या लुगड्यात, मला मांडीवर घेऊन, कुणा अनोळखी माणसांच्या जिन्यात बसून होती. बाबांचा पत्ता नव्हता. तिचा पूर रात्रीचाच होता.

नंतर मी आठवणींची पुस्तिका काढली. तीत तारीख-वेळ चोख आहे, आणि त्यात काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. लिहिणाऱ्याने खातरजमा करायलाच हवी. पण त्या पुस्तिकेत पुराला दीड पान आहे. दीड! जिन्यात आणखी कोण होतं, कुणी काही खायला दिलं का, बाबा कधी सापडले, कुणाला विचारू? मावशीही गेली.

म्हणून पुन्हा सांगतो, मध्ये बोलू नकोस. तपासायचं ते घरी येऊन तपास, वेगळ्या वहीत लिही. दर वेळी वेगळं सांगते? मग तिन्ही वेळचं लिही, प्रत्येकावर कधी सांगितलं ते टाक. बोलीचं म्हणशील तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांनी बायांना 'न' आणि 'ण' शिकवायला घेतलं असतं तर किती जमल्या असत्या, तूच सांग.

आणि तो मोबाइल तिच्या तोंडासमोर धरू नकोस. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते काय नुसतं दळणापुरतं? हाताला काम दे तिच्या. मेथी निवडायला दे, शेंगा फोडायला दे. मोबाइल सुपाशेजारी पडून राहू दे. ती थांबली तर थांबू दे. तुमच्या पिढीला जरा म्हणून शांतता सोसत नाही... जाऊ दे, मला तरी कुठे सोसली होती.

रेकॉर्डिंगच्या शेवटाकडे ती 'मिलूची भाकर' म्हणते आणि तू लगेच, "मिलो गं, ती अमेरिकेची लाल ज्वारी." झालं, तिथेच तुटलं. ती भाकर कशी लागायची, हे ती सांगणार होती. रविवारी जाशील तेव्हा शेंगा घेऊन जा आणि तेवढंच विचार. 'मिलू'च म्हण.

तुझे,
सर