खाणीच्या रॉयल्टीत राज्याचा हिस्सा किती?

तुम्ही विचारलंय, की खाणींच्या करातले किती टक्के केंद्र राज्यांना देतं आणि आपल्या वाघोलीच्या खाणींचे पैसे कुठे जातात. मी बरीच वर्षं वाघोलीतल्या एका क्रशरवर हिशेब लिहिले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन, दिल्लीला जाऊन परत येत नाही. जमिनीवरच्या खाणीची रॉयल्टी थेट राज्याच्या तिजोरीत पडते. केंद्र वाटतं ते प्राप्तिकर, कंपनी कर, केंद्रीय जीएसटी वगैरे. त्यातले ४१ टक्के सगळ्या राज्यांना मिळून. समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेलाची रॉयल्टी मात्र केंद्राची.

खरी मेख दरात आहे. कोळसा आणि लोहखनिजाचा दर १९५७ च्या कायद्याने केंद्र ठरवतं, आणि तो तीन वर्षांतून एकदाच वाढवता येतो. चंद्रपूरच्या कोळशाचे पैसे आपले, पण भाव दिल्लीचा. खडी, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. तिथे दर राज्याचा. २०२१ मध्ये तो ब्रासमागे ४०० वरून ६०० रुपये झाला. ब्रास म्हणजे १०० घनफूट. रोज संध्याकाळी वाहतूक पास, म्हणजे रॉयल्टी भरल्यावर मिळणारे वाहतुकीचे परवाने, आणि गाड्या जुळवताना मला कळायचं, की विनापासची एक गाडी गेली की तेवढे पैसे राज्याचे बुडाले.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ८ विरुद्ध १ असा निकाल दिला, की रॉयल्टी हा करच नव्हे. खनिज असलेल्या जमिनीवर राज्यं वेगळा कर लावू शकतात. ऑगस्टमध्ये १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी घ्यायलाही मुभा दिली, १२ वर्षांच्या हप्त्यांत. राज्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण गावाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ पासून कोळसा-लोहखनिजासारख्या मोठ्या खनिजांच्या जुन्या पट्टेदारांना, म्हणजे सरकारकडून खाण भाडेपट्ट्याने घेतलेल्यांना, रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावात पट्टा घेतलेल्यांना १० टक्के रक्कम त्यात वेगळी भरावी लागते. गौण खनिजांसाठीचं प्रमाण राज्य ठरवतं. हा पैसा खाणबाधित गावांसाठीच आहे. आमच्या क्रशरखालच्या वस्तीत झाकण नसलेल्या हंड्यावर दुपारपर्यंत धुळीची साय धरायची. त्या बायकांना या निधीचं नावही माहीत नव्हतं. म्हणून सांगतो, जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाका: कोणत्या गावात, कोणत्या कामावर, किती खर्च झाला.