व्हर्जिनियाचा बास्केटबॉल संघ २०१९ साली नशिबानेच जिंकला का? नाहीतर त्याच्या आधी आणि नंतर इतका कसा आपटला?

तुमचा प्रश्न रास्त आहे. २०१८ला राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत नाचक्की, २०१९ला थेट राष्ट्रीय विजेतेपद, पुढे पुन्हा पहिल्या फेरीतच घरी. नव्याने अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघणाऱ्याला हा मटका वाटणारच. नशीब होतंच, २०१९च्या शेवटच्या तीन सामन्यांत तर उघडउघड होतं. पण त्या मोसमात ३५ जिंकले आणि फक्त ३ हरले, तो आकडा मटक्याने येत नाही. माझं मत असं की हा संघ ज्या गोष्टीमुळे वर चढला, त्याच गोष्टीमुळे पडला.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पक्षपात कुठून येतो ते कळेल. मी बेळगावचा. इथे पोरं फुटबॉल नाहीतर क्रिकेट खेळतात, आणि बास्केटबॉल म्हटलं की पहिला प्रश्न "उंची कुठाय रे?" आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीममध्ये ती कुणालाच नव्हती. व्हीटीयूच्या, म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या, स्पर्धेत बेंगळुरूची धिप्पाड पोरं समोर आली की सरांचा हुकूम एकच: बॉलमागे धावायचं नाही, रिंगजवळची वाट बुजवायची, लांबून मारतात तर मारू देत. पुढे कळलं की याच धाटणीचा बचाव डिक बेनेट नावाच्या कोचने तिकडे 'पॅक लाइन' म्हणून बसवला होता आणि त्यांचा मुलगा टोनी बेनेट २००९ पासून व्हर्जिनिया विद्यापीठात तोच शिकवत होता. संघ तिथून माझा झाला. शार्लट्सव्हिल, म्हणजे त्या विद्यापीठाचं गाव, नकाशात कुठे आहे ते मी नंतर बघितलं.

आता मुद्द्याचं. बेनेटचा संघ बचावात आत दाटीवाटी करायचा आणि स्वतःकडे बॉल आला की तीस सेकंदांचं घड्याळ जवळजवळ संपेपर्यंत तो फिरवत राहायचा. त्यामुळे चाळीस मिनिटांत इतर संघांना सत्तरच्या आसपास चढाया मिळतात, तिथे व्हर्जिनियाच्या सामन्यात जेमतेम साठ व्हायच्या. माझा एक मित्र ड्यूक या दुसऱ्या विद्यापीठाच्या संघाचा भक्त. तो म्हणायचा, "जिंकतंय तुझं टीम, खरं बघवत नाही की रे." बघवत नाही हे मान्य. पण यात एक खोट आहे आणि ती हिशेबाची आहे. पावसाने सामना पाच-पाच षटकांचा झाला की दुबळ्या संघाला अचानक संधी मिळते ना, तसंच इथे. चढाया जितक्या कमी, तितका चांगल्या संघाला आपलं चांगलेपण सिद्ध करायला वाव कमी. त्यात ही स्पर्धा ६८ संघांची आणि एक हरला की बाहेर. इथे मालिका वगैरे काही नसते.

२०१८मध्ये नेमकं तेच अंगाशी आलं. व्हर्जिनिया ३१ विजय आणि २ पराभव घेऊन आलेला, देशातला अव्वल मानांकित. समोर सोळावं मानांकन मिळालेला यूएमबीसी, म्हणजे मेरिलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा. (संघ चार गटांत वाटतात, आणि गटात सोळावं मानांकन म्हणजे सगळ्यात तळाचं.) तोवर पहिल्या मानांकनाने सोळाव्याविरुद्धचे १३५च्या १३५ सामने जिंकले होते. आपला डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर, तरी कुणाला धास्ती नव्हती. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती, दुसऱ्या दिवशी पाडवा. मध्यंतराला २१-२१. मी साखरेच्या गाठी आणायला गणपत गल्लीत गेलो ते मोबाईल हातात धरूनच. उत्तरार्धात यूएमबीसीने ५३ गुण ठोकले. ज्या संघाविरुद्ध अख्ख्या सामन्यात सरासरी चोपन्नच्या आसपास गुण व्हायचे, त्याच्यावर वीस मिनिटांत ५३! शेवटी ७४-५४. लांबून मारतात तर मारू देत म्हटलं, आणि त्यांनी बारा तीन-गुणी बास्केट घातले. आपले बावीसपैकी चार. मागे पडल्यावर भरभर खेळून भरपाई करायची सवयच या संघाला नव्हती.

पुढच्या वर्षी तोच कोच, तीच पद्धत. बहुतेक पोरंही तीच. सोळाव्या मानांकित गार्डनर-वेबविरुद्ध पुन्हा १४ गुणांनी मागे पडले तेव्हा मी स्क्रीन उलटी ठेवली होती. यावेळी मात्र सावरले. पर्ड्यूविरुद्ध त्यांचा कार्सन एडवर्ड्स एकटा ४२ गुण करून गेला, तरी ओव्हरटाइममध्ये ८०-७५. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद शिल्लक असताना आपल्या काइल गायने तीन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फटके) घातले आणि ६३-६२. त्याच्या काही सेकंद आधी आपल्या टाय जेरोमचा डबल ड्रिबल (टप्पे थांबवून बॉल धरल्यावर पुन्हा टप्पे देण्याची चूक) पंचांनी सोडला होता. ऑबर्नवाले अजून ओरडतात, आणि खरंच आहे त्यांचं. अंतिम सामन्यात टेक्सस टेकविरुद्ध हंटरने शेवटच्या क्षणी तीन-गुणी मारून बरोबरी केली, मग ओव्हरटाइममध्ये ८५-७७. तिन्ही वेळा चेंडू आपल्या बाजूने पडला. संथ खेळणारा संघ स्वतःहून असे अटीतटीचे सामने ओढवून घेतो. २०१८चं कर्ज २०१९ने फेडलं, असं मी तरी मानतो.

नंतरची पडझड वेगळ्या कारणाची. हंटर, गाय, जेरोम तिघंही एनबीएकडे, म्हणजे व्यावसायिक लीगकडे, गेले. २०२०ची स्पर्धा कोरोनाने रद्द झाली. २०२१ला तेराव्या मानांकित ओहायोकडून हार, २०२२ला स्पर्धेत प्रवेशच नाही, २०२३ला तेराव्या मानांकित फरमनकडून ६८-६७. हा शेवटचा पराभव मला यूएमबीसीपेक्षा जास्त लागला, कारण शेवटच्या सेकंदांत बॉल चुकीच्या हातात टाकला तो किहाई क्लार्कने. २०१९ला पर्ड्यूविरुद्ध ज्याच्या पासने संघ जगला, तोच. २०२४ला कोलोरॅडो स्टेटविरुद्ध आपले एकूण गुण ४२. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

बेनेटची पद्धत अंगवळणी पडायला पोरांना दोन-तीन वर्षं लागायची. २०२१पासून बदली करून दुसऱ्या कॉलेजात लगेच खेळता येऊ लागलं, त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याचीही मुभा मिळाली. मग तीन वर्षं बाकावर बसून बचाव शिकणार कोण? ऑक्टोबर २०२४मध्ये, मोसम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले. नव्या व्यवस्थेसाठी आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. प्रामाणिक माणूस, पण वेळ फार वाईट निवडली. तो मोसम हंगामी कोचवर गेला आणि हरण्यातच गेला.

आणि मार्च २०२५मध्ये नवा कोच कोण नेमला? रायन ओडम. २०१८ला यूएमबीसीच्या बाकावर बसून आपल्याला २० गुणांनी झोपवणारा हाच. ड्यूकवाल्या मित्राने बातमी मला पाठवताना खाली नुसते हसरे चेहरे टाकले होते. मला निवड आवडली. हा संघ कसा फोडायचा ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुम्ही जुने सामने बघणार असाल तर अंतिम सामन्याने सुरुवात करू नका. पर्ड्यूचा बघा, निदान निर्धारित वेळेतली शेवटची सहा सेकंदं तरी. जेरोमचा फ्री थ्रो चुकतो, आपला डियाकीटे बॉल मागे ढकलतो, तो पार अर्ध्या कोर्टापलीकडे जातो, आणि क्लार्क धावत जाऊन उचलतो आणि पुन्हा डियाकीटेकडेच पास टाकतो. तिथे डियाकीटेऐवजी आणखी दोघं मोकळे होते का, हे थांबवून बघा आणि खाली लिहा. आमचा वाद अजून मिटलेला नाही.