प्रेसिडेंट रिटायर होतायत, मग लेकीच्या स्कॉलरशिपचं काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझ्या मुलीला अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली, फीपैकी बराच भाग कॉलेजच देणार आहे. पण आता कळलं की तिथल्या प्रेसिडेंट या वर्षअखेर रिटायर होतायत. गरीब मुलांना मदत वगैरे सगळं त्यांनीच चालू केलं असं सगळे म्हणतात. त्या गेल्या की हे बंद पडेल का? घरात सगळ्यांना टेन्शन आलंय. (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी खरी आहे, पण तुमच्या कॉलेजचं नाव तुम्ही लिहिलं नाही म्हणून मी मला नीट माहीत असलेल्या एका कॉलेजची गोष्ट सांगते, त्यातून अंदाज येईल.

न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी नावाचं गाव आहे, तिथे व्हॅसार कॉलेज. 1861चं, मॅथ्यू व्हॅसार नावाच्या बिअरवाल्याने मुलींसाठी काढलेलं, 1969पासून मुलगेही घ्यायला लागले. 2006मध्ये कॅथरीन बाँड हिल तिथे प्रेसिडेंट झाल्या. बाई अर्थशास्त्राच्या, त्यामुळे कॉलेजची फी कोणाला परवडते आणि कोण फॉर्मच भरत नाही हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. आल्या आल्या पुढच्याच वर्षी त्यांनी आधी बंद पडलेलं नीड-ब्लाइंड पुन्हा चालू केलं. म्हणजे अ‍ॅडमिशन ठरवताना घरची ऐपत बघायचीच नाही, मुलगी हुशार आहे ना मग घ्या, पैशांचं नंतर कॉलेज बघेल. मग कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना कर्जाऐवजी सरळ ग्रँट द्यायची असंही ठरवलं, म्हणजे डिग्रीबरोबर डोक्यावर लोन नको.

आणि लगेच 2008ची मंदी आली! या कॉलेजांचा बराच खर्च चालतो एन्डोमेंटवर, म्हणजे देणग्यांचा मोठा फंड गुंतवलेला असतो, मूळ रकमेला शक्यतो हात लावायचा नाही, दरवर्षी साधारण चार-पाच टक्के खर्चाला काढायचे. शेअर बाजार कोसळल्यावर फंडच आटला, तेव्हा पहिली कात्री मुलांच्या मदतीलाच लावणं सगळ्यात सोपं होतं, पण हिलबाईंनी ती लावली नाही. बाकीचे खर्च कापले, त्यात काही लोकांच्या नोकऱ्याही गेल्या आणि कॅम्पसवर नाराजी झाली, हेही सांगायला हवं कारण असे निर्णय कोणाच्या तरी पोटावर येतातच. तरी मला वाटतं त्यांचं खरं नेतृत्व त्या दोन-तीन वर्षांतच दिसलं, चांगल्या दिवसांत दानशूर कोणीही होतं.

त्यांच्या काळात पेल ग्रँट ही सरकारी मदत घेणाऱ्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचं प्रमाण साधारण दुप्पट झालं. 2013मध्ये पॉसी फाउंडेशन या मुलांना गटाने कॉलेजात पाठवणाऱ्या संस्थेबरोबर सैन्यातून परतलेल्यांची पहिली तुकडी शिकायला आली, 11 जण. अठरा वर्षांच्या पोरांच्या वर्गात युद्ध बघून आलेला माणूस बसला की चर्चा किती बदलत असेल, विचार करा. 2015मध्ये कॉलेजला कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी केलेल्या या कामाबद्दल कुक फाउंडेशनचं 10 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं.

2016मध्ये हिलबाईंनी पद सोडलं. 2017मध्ये एलिझाबेथ ब्रॅडली आल्या, येलमधून, पब्लिक हेल्थच्या. नीड-ब्लाइंड चालूच राहिलं, कारण तोवर ते एका बाईचं धोरण राहिलं नव्हतं. ट्रस्टींनी ते मान्य केलेलं, बजेटमध्ये बसवलेलं, देणगीदार त्यासाठी पैसे देत होते. तुमच्या कॉलेजबद्दल हेच विचारा, मदतीचा पैसा कायमच्या फंडातून येतो की प्रेसिडेंटनी दरवर्षी जमवलेल्या देणगीतून.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. व्हॅसारचं नीड-ब्लाइंड अमेरिकेतल्या मुलांसाठी आहे, भारतातून जाणाऱ्या मुलांची ऐपत तिथेही बघतात, फक्त एकदा घेतलं की लागेल तेवढी पूर्ण मदत करतात. न्यूजर्सीत कोणी मावशी असेल तर तिने सांगितलेले नियम तिच्या तिथेच जन्मलेल्या मुलांचे असतात, तुमच्या लेकीला लागू होतीलच असं नाही.

आणि तुमच्या हातातलं अ‍ॅवॉर्ड लेटर, म्हणजे किती मदत देणार हे सांगणारं कॉलेजचं पत्र, आजच काढून वाचा. चारही वर्षांसाठी आहे का, फी वाढली तर मदत वाढेल का, मार्कांची अट आहे का. स्पष्ट नसेल तर मुलीने फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करावा आणि उत्तर लेखी घ्यावं, फोनवर नको. परदेशी मुलांना पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर पुढे मागता येत नाही असा नियम बऱ्याच कॉलेजांत असतो, त्यामुळे जे हवंय ते आत्ताच.

प्रश्न : प्रेसिडेंट म्हणजे आपले प्राचार्यच ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही दादा, तिथे शिकवण्याचा, प्राध्यापकांचा कारभार डीन बघतो आणि प्रेसिडेंटचा खूपसा वेळ देणग्या मिळवण्यात, ट्रस्टींना पटवण्यात जातो. आपल्याकडे फर्ग्युसन उभं राहिलं ते वेगळ्याच रीतीने. आगरकर, गोखले, नंतर रँग्लर परांजपे हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, महिना 75 रुपयांवर शिकवायचे आणि कॉलेजही तेच चालवायचे. परांजपे तर केंब्रिजला सिनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, होऊन आलेले, कुठेही मोठी नोकरी मिळाली असती, ते परत येऊन वीस वर्षांहून जास्त काळ तिथे प्राचार्य राहिले.