मिलानला क्लायंट भारी रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेणार आहे. मी शिरोली एमआयडीसीतला, बीफ आणि दारू दोन्ही घेत नाही. काय काळजी घ्यावी?

मीही कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतो, आणि इटलीतले क्लायंट जेवायला नेल्याशिवाय सोडत नाहीत. काय खात नाही ते टेबलावर बसल्यावर सांगू नका, दोन दिवस आधी मेलवर कळवून टाका. एकदा ते मिटलं की जेवताना मन बोलण्यात लागतं, आणि तिथं खरं काम बोलण्याचंच असतं.

मेलमध्ये नुसतं ‘बीफ नको’ लिहून भागत नाही. वासराचं मांस तिकडं वेगळं धरतात, मेनूत ते ‘व्हितेल्लो’ म्हणून येतं. मोठ्या जनावराचं ते ‘मांझो’. दोन्ही नको, असं स्पष्ट लिहा. मिलानचे नावाजलेले पदार्थ नेमके यातलेच आहेत. कोतोलेत्ता म्हणजे वासराचा बरगडीचा तुकडा, पावाचा चुरा लावून लोण्यात तळलेला. ओस्सोबुको म्हणजे वासराची नळी. केशरी रिसोत्तो बघून आपल्याला वाटतं, भातच आहे, काय होतंय! पण जुन्या पद्धतीत तो हाडातली मज्जा घालून परततात आणि मांसाच्या रश्श्यात शिजवतात. पार्मिजानो चीजलाही दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं. ते चालवून घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी माहीत असलेलं बरं.

युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे डिसेंबर 2014 पासून हॉटेलांना पदार्थातल्या 14 अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात दूध, अंडं, मासे येतात, मांस येत नाही. म्हणून त्या यादीच्या भरवशावर राहू नका, वेटरला विचारा. चांगल्या ठिकाणी ते आत जाऊन शेफला विचारून येतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. मांतोवा गावाकडचे लाल भोपळ्याचे तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, मिळाले तर जरूर घ्या. पोर्चिनी मशरूमबरोबर पोलेंताही छान लागते, मक्याच्या घट्ट कण्यांसारखी. मासे तर मिळतातच.

वाइन ओतायला आले की पहिल्यांदाच नको म्हणा आणि पाणी मागा. साधं की बुडबुड्याचं, एवढंच विचारतील. कारण सांगत बसायची गरज नाही.

आता बोलण्याचं. तिथं एकेक पदार्थ सावकाश येतो, दोन-अडीच तास सहज जातात. आपल्याकडे तांबडा-पांढरा समोर आला की माणूस जेवणाकडे बघतो, बोलणं नंतर. तिथं उलट. आणि पहिल्या ताटाला कास्टिंगचा रेट किंवा रिजेक्शन काढू नका, कॉफीपर्यंत थांबा. फुटबॉलवर बोला. इंटर आणि एसी मिलान हे कट्टर विरोधी क्लब वर्षानुवर्षं एकाच सान सिरो स्टेडियमवर खेळत आलेत. मग तुम्ही त्यांना सांगा की आमच्या गावातही पेठापेठांचे संघ आहेत, ते कुस्तीच्या तालमींतून उभे राहिलेत, आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की शाहू स्टेडियम भरून जातं. भारत म्हणजे क्रिकेट एवढंच त्यांना ठाऊक असतं. हे ऐकून ते खुर्ची पुढं ओढतात, फोटो मागतात. मोबाईलमध्ये एखाद्या मॅचचा व्हिडिओ घेऊनच जा.

बिल बोलावणारा देतो. आपल्यासारखी ओढाताण करू नका. मनापासून आभार माना आणि कोल्हापूरला यायचं आमंत्रण द्या. एखाद्या संध्याकाळी एकटेच जेवलात तर बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल. ते माणशी टेबलाचे आणि पावाचे पैसे, फसवणूक नव्हे. टिप सक्तीची नसते. आणि साडेसातच्या आत बऱ्याच ठिकाणी रात्रीचं जेवण सुरूच होत नाही, त्यामुळे मीटिंग लवकर संपली तर मधे काहीतरी खाऊन घ्या.