व्हँकुव्हरला येणाऱ्या वकील ताईंसाठी: उज्जल दोसांझ यांची वाट

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. पुण्यातली वकिली व्हँकुव्हरला कामी येईल का, आणि पुढे तिथल्या राजकारणात उतरायची इच्छा बाहेरून आलेल्या माणसाने धरावी का. दोन्हींचं उत्तर हो. पण वेळ कुठे जातो आणि पाय कशामुळे रोवले जातात, हे उज्जल दोसांझ यांच्या, म्हणजे व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या, आयुष्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्हिसा एजंटकडून कळणार नाही.

दोसांझ जालंधर जिल्ह्यातल्या दोसांझ कलांचे. 1964 साली आधी इंग्लंडला गेले आणि 1968 मध्ये ब्रिटिश कोलंबियात आले. इथे लागले ते सॉ मिलमध्ये. नुकत्याच कापलेल्या ओल्या, जड फळ्या साखळीवरून सरकत येतात, त्या हाताने ओढायच्या आणि लांबी-जाडीप्रमाणे वेगवेगळ्या रचायच्या. साखळी काही थांबत नाही. त्या कामात पाठ दुखावली, मग ते शिक्षणाकडे वळले. 1976 मध्ये कायद्याची पदवी मिळाली, 1979 मध्ये स्वतःचं ऑफिस थाटलं. म्हणजे आल्यापासून अकरा वर्षं.

तुम्हाला इतकं थांबावं लागू नये. तुमची पदवी 'नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन' तपासते आणि कोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते कळवते. कॅनडाचं संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा हे बहुतेकांना द्यावेच लागतात. हा अर्ज पुण्यात असतानाच करून टाका. परीक्षांनंतर इथल्या वकिलाच्या हाताखाली आर्टिकलिंग, म्हणजे उमेदवारी, करायची, आणि खरी दमछाक ती जागा मिळवताना होते. वकिलीचा परवाना प्रांताची लॉ सोसायटी देते. शाळा, दवाखाने, किमान वेतन, घरभाड्याचे नियम हेही प्रांताच्याच हातात. आल्या आल्या आरोग्य विम्याचं कार्ड काढाल तेही प्रांताचंच, आणि ते सुरू व्हायला आलेला महिना आणि वर दोन महिने लागतात. तेवढ्या काळापुरता खाजगी विमा घेऊनच विमानात बसा. इकडे येणारे आपले लोक देशाच्या राजधानीच्या, ओटावाच्या बातम्या वाचतात आणि प्रांताच्या राजधानीतल्या, व्हिक्टोरियातल्या विधानसभेकडे बघतही नाहीत, हे मला मनापासून खटकतं.

आता राजकारण. दोसांझ 1979 आणि 1983 मध्ये एनडीपीकडून (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) प्रांताच्या विधानसभेसाठी उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. त्या काळात त्यांनी बेरी तोडणाऱ्या शेतमजुरांना कायद्याची मदत मिळवून देण्याचं काम केलं. खलिस्तानच्या नावाने चाललेल्या हिंसेविरुद्ध ते उघड बोलत. फेब्रुवारी 1985 मध्ये ऑफिसबाहेर त्यांच्यावर लोखंडी कांबीने हल्ला झाला. हात मोडला, डोक्याला 80 च्या आसपास टाके पडले. त्याच वर्षी जूनमध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बाँबने उडवलं गेलं, 329 माणसं गेली. अशा दिवसांतही हा माणूस बोलायचा थांबला नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

1991 मध्ये व्हँकुव्हर-केन्सिंग्टनमधून ते निवडून आले, 1995 मध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे प्रांताचे कायदामंत्री झाले आणि 24 फेब्रुवारी 2000 ला प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. ज्या प्रांताने 1907 मध्ये भारतीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला आणि 1947 पर्यंत परत दिला नाही, त्याच प्रांताचे. पुढच्या वर्षी 79 पैकी अवघ्या 2 जागा पक्षाला मिळाल्या, त्यांची स्वतःचीही गेली. तरी 2004 मध्ये लिबरल पक्षातून संसदेत गेले आणि केंद्रात आरोग्यमंत्री झाले.

तुमच्यासाठी नियम असा आहे: मत द्यायला आणि उभं राहायला नागरिकत्व लागतं. त्यासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत 1,095 दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. ते घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं. मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं) कार्ड मिळतं, पण त्यावर भारतात मतदान करता येत नाही. हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या.

मात्र प्रचारात दारोदार फिरायला नागरिकत्वाची वाट बघू नका. आणि आर्टिकलिंगसाठी फक्त मोठ्या फर्मच्या मागे लागू नका. कामगार आणि भाडेकरूंचे खटले चालवणाऱ्या छोट्या ऑफिसांनाही पत्रं पाठवा. माणसं तिथे ओळखीची होतात. शिवाय हिंदी येत असल्याने तिथे तुमचा लगेच उपयोग होईल, आणि पंजाबी समजायला लागली तर दुप्पट.