ट्रेड किती वर्षांचा?

दहावीचा निकाल लागल्यावर पंधरा दिवस माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणारे पालक घुटमळत एकच प्रश्न विचारतात. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आलेल्या बाईंनी तो सरळ विचारला, "म्याडम, आयटीआय केल्यार पुढची वाट बंद होता मां?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सोबत मुलगा आणि नवरा. मुलाला 61 टक्के, गणितात 41. बाप ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो, बावीस वर्षं. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणून त्याला यायला सवड होती. मुलाला डिझेल मेकॅनिक व्हायचं होतं. आईला तो अकरावी सायन्सला हवा होता, कारण चुलत्याचा मुलगा इंजिनीअर झालाय आणि "लोक काय म्हणतले?"

अशा वेळी पटकन "छे, वाट कसली बंद होते!" म्हणावंसं वाटतं. मी एकदा तसं म्हटलं होतं. त्या मुलाने आयटीआय करून इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला जायचं ठरवलं, मी मान डोलावली, आणि ट्रेड कुठला, म्हणजे आयटीआयत तो कोणतं काम शिकणार, हे विचारलंच नाही. तो वेल्डर झाला. वेल्डर एक वर्षाचा. आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय लागतो. कागदपत्रं घेऊन तो गेला तसा परत आला. चूक त्याची नव्हती. तेव्हापासून मी पहिला प्रश्न ट्रेडचा विचारते.

म्हणजे बाईंची भीती निम्मी खरी होती. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. मोटार मेकॅनिक, ज्याला प्रवेश अर्जात मेकॅनिक मोटर व्हेईकल म्हणतात, तो दोन वर्षांचा. फिटर, इलेक्ट्रिशियन, फ्रिज-एसीवाला ट्रेडही दोन वर्षांचे. इंजिन दोन्हीकडे शिकवतात. पण एका वर्षाने डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट राहते किंवा जाते, आणि ही गोष्ट ऑनलाइन विकल्प भरताना कुणी ओरडून सांगत नाही.

मी टेबलावरच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. एका बाजूला आयटीआयची दोन वर्षं, मग डिप्लोमाची दोन. दुसऱ्या बाजूला अकरावी-बारावी, मग डिप्लोमाची दोन. बाई दोन्ही बेरजांकडे बघत राहिल्या. सारखीच चार. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो, तेही खाली लिहिलं. मालवणातच सरकारी तंत्रनिकेतन आहे हे त्यांना माहीत होतं. तिथे आयटीआयमधूनही जाता येतं हे नव्हतं.

मग त्यांनी मलाच अडवलं. "मगे दहावीनंतर सरळ तीन वर्षांचो डिप्लोमा कित्याक नको? एक वर्ष वाचात."

प्रश्न रास्त होता. गणितात सत्तर असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण 41 गुणांच्या मुलाचं पहिल्या वर्षाच्या गणितात घोडं अडलं आणि कंटाळून त्याने मध्येच सोडलं, तर हाती कागद काहीच उरत नाही. आयटीआय पूर्ण करून पुढे नाही गेला तरी केंद्र सरकारचं ट्रेड सर्टिफिकेट (एनटीसी) राहतं, त्यावर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली अप्रेंटिसशिप मिळू शकते. एसटीचे विभाग मोटार मेकॅनिक अप्रेंटिस घेतात, महावितरण इलेक्ट्रिशियन घेतं. अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे, हेही सांगितलं. विद्यावेतन मिळतं, मुदत संपली की संपली. ते न सांगता पाठवलेली मुलं वर्षभराने माझ्याकडेच फिरून येतात.

मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याला विचारलं, एक वर्ष जास्त चालेल? तो म्हणाला, गिअरबॉक्स शिकवत असतील तर चालेल. बाप पहिल्यांदा हसला.

जाता जाता बापाने दारात थांबून विचारलं, "आणि माका काय आसा?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी कामगार विचारतो, आणि बहुतेकदा मुलाच्या कामानिमित्त आल्यावर, शेवटी. त्याच्या कानावर विश्वकर्मा योजनेचं नाव आलं होतं. 2023 मध्ये आलेल्या त्या योजनेत 18 व्यवसाय आहेत. होडी बांधणारा आहे, जाळी विणणारा आहे, पण इंजिन दुरुस्त करणारा नाही. त्याचा मेहुणा जाळी विणतो, तो बसू शकतो: काही दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000. ह्याच्यासाठी मी कौशल्य विकास योजनेतलं आरपीएल सुचवलं. शाळेत बसायचं नाही. आधीच येत असलेल्या कामाची थोडी उजळणी, परीक्षा आणि सर्टिफिकेट. मात्र त्याच्या कामाची बॅच जवळपास लागली पाहिजे, म्हणून जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात नाव आणि फोन नंबर देऊन यायला सांगितलं. बावीस वर्षांनी परीक्षा द्यायची म्हणजे त्याला थोडं हसू येत होतं, थोडा रागही.

शाळा सुरू झाल्यावर बाईंचा फोन आला. मोटार मेकॅनिकला प्रवेश मिळाला होता. त्यासाठी नव्हता फोन.

"म्याडम, ते वर्कशॉपातले सेफ्टी बूट मालवणात खंय गावतत?"