इनोव्हाचं नंतर बघू, आधी ती युलिप परत करा

पिंपरी-चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलंय, त्यांच्या परवानगीने थोडक्यात देतो. वय ३९, चाकणला नोकरी, हातात १ लाख १५ हजार येतात, बायको शाळेत शिकवते तिचे २२ हजार. मुलं ११ आणि ६ वर्षांची, आईबाबा सोबतच, बाबा ७१ आणि आई ६६. घराचं कर्ज अजून साडेसदतीस लाख बाकी, १८ वर्षं, हप्ता ३४ हजार. एफडी ९ लाख होती. त्यांचा प्रश्न असा: "आता सहा जण वॅगनआरमध्ये मावत नाही, कराडजवळ गावाला जायचं म्हणजे कोणीतरी मागे राहतं. अर्टिगा ऑन रोड १३ लाख, कॅरेन्स साडेसतरा आणि इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) साडेएकतीस अशी कोटेशन्स आणलीयेत. माझं मन हायक्रॉसवर आहे, मायलेज चांगलं आणि रिसेल तर सोन्यासारखी. घ्यावी का?"

आणि मग पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं: "पैशाची सोय झालीये. बँकेतले आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) ओळखीचे आहेत, त्यांनी होम लोनवर २४ लाखांचा टॉपअप (त्याच घरावर वाढीव कर्ज) सॅंक्शन करून दिलाय, अजून उचललेला नाही. वॅगनआरचे अडीच लाख येतील, एफडीतले ५ लाख घालू. आणि त्यांच्या सांगण्यावरून वर्षाला अडीच लाखांची युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेतली, पाच वर्षं भरायची, सातव्या वर्षी पंचवीस लाख मिळतील त्यात गाडी फिटेल. पहिला हप्ता एफडीतून गेला, पॉलिसीचा ईमेल १२ तारखेला आला." पत्र आहे ३० तारखेचं.

गाडीचं सांगतो, पण आधी ही १२ तारीख. पॉलिसीचा कागद किंवा ईमेल हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला, आणि तुमचे अठरा दिवस आधीच गेलेत. म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी ईमेलने पाठवलंय, इथे नंतर टाकतोय. हे वाचून झालं की विमा कंपनीला लेखी कळवा की फ्री लुकमध्ये पॉलिसी रद्द करायचीये. कंपनीला कळवा, आरएमना नाही. त्यांना सांगितलं तर ते घरी येतील, चहा घेतील, म्हणतील दोन दिवस थांबा मी बघतो, आणि त्या दोन दिवसांचे पंधरा दिवस कधी होतात कळत नाही. ईमेल करा आणि शाखेत जाऊन अर्जाच्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या, दोन्ही करा. कारण सरळ लिहा की जे सांगितलं गेलं ते कागदावर नाहीये. पैसे परत येताना त्या दिवशीची फंडाची किंमत धरतात, कापलेले चार्जेस परत मिळतात, स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे वजा होतात. बाजार हलला असेल तर थोडं कमीजास्त होईल, पण अडीच लाखांच्या आसपास रक्कम हातात येते. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि तरी नाही झालं तर विमा लोकपाल, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे.

आता पंचवीस लाखांचं बघू. पॉलिसीसोबत एक कागद येतो, बेनिफिट इलस्ट्रेशन, त्यावर तुमचीच सही आहे. तो उघडा. त्यात परतावा ४ टक्के आणि ८ टक्के धरून दोन रकाने असतात, कारण नियमच तसा आहे, याच्यापेक्षा जास्त दाखवता येत नाही. पंधरा टक्क्यांचा रकाना तुम्हाला कुठेच सापडणार नाही. मी हिशोब केला तर वर्षाला अडीच लाख पाच वर्षं भरून सातव्या वर्षी पंचवीस लाख व्हायला खर्च वजा जाऊन दरवर्षी साधारण १५ टक्के लागतात. ८ टक्क्यांच्या रकान्यात खर्च जाऊन साडेसहा धरले तर सतरा लाख होतात, आणि ४ च्या रकान्यात चौदा. भरणार तुम्ही साडेबारा. शेअर बाजारात कधी पंधरा टक्के मिळत नाहीत असं मी म्हणत नाही, मिळतात, पण ते अमुक वर्षी अमुक महिन्यात मिळतील असं धरून कर्ज काढायचं नसतं, आणि असं एखाद्या कुटुंबाला सांगणाऱ्याबद्दल मला खरंच राग येतो.

आणि दुसरा हप्ता कुठून भरणार होतात? तुम्ही खर्च नीट लिहून पाठवलाय, त्याबद्दल धन्यवाद, फार कमी लोक पाठवतात. दोघांचे मिळून १ लाख ३७ हजार, त्यातून घराचा हप्ता ३४, मुलांची फी महिन्याला धरून १५, जुन्या पॉलिसी ७, घरखर्च ४५, उरले ३६ हजार. टॉपअपचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी जवळपास २१,७०० आणि युलिपचे महिन्याला पडतात २०,८००. म्हणजे दर महिन्याला साडेसहा हजार कमी, तेही हायक्रॉसमध्ये एक लिटर पेट्रोल न भरता. एफडीत तेव्हा उरलेले असतील दीड लाख, घरात सहा माणसं आणि त्यातले दोघं साठीच्या पुढचे. हप्ता चुकला की युलिपचे पैसे डिसकंटिन्यूड फंडात जाऊन पाच वर्षं होईपर्यंत तिथेच बसतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार.

टॉपअप उचलू नका. तो स्वस्त वाटतो कारण तो घराच्या उरलेल्या मुदतीवर, १८ वर्षांवर पसरलाय. २४ लाखांचे फेडता फेडता ४७ लाख होतात, तेवीस लाख नुसतं व्याज. हेच २४ लाख साध्या कार लोनने ९ टक्क्यांनी सात वर्षांत फेडले असते तर व्याज साडेआठ लाखांच्या आत असतं. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचं लग्नाचं वय होईल तेव्हा या गाडीचा शेवटचा हप्ता जाईल, आणि गाडी तोवर कोणाच्या दारात असेल देव जाणे. त्याहून वाईट म्हणजे कार लोन थकलं तर बँक गाडी नेते, टॉपअप थकला तर घरावर येते. गाडीसाठी घर तारण ठेवायचं नाही, यात मला दुसरी बाजू दिसतच नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीये. तीन एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र असलेल्या), वर्षाला ८४ हजार भरताय आणि तिन्हींचं मिळून कव्हर १४ लाख. टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर आज घराचं कर्जच साडेसदतीस आहे. आरएमच्या प्लॅनप्रमाणे ते साडेएकसष्ट झालं असतं आणि युलिपमधले विम्याचे पंचवीस लाख धरले तरी कव्हर ३९. म्हणजे बायकोच्या २२ हजार पगारावर साडेबावीस लाखांचं कर्ज, दोन मुलं आणि सासूसासरे. तीन पॉलिसी आणि युलिप मिळून वर्षाला तीन लाख चौतीस हजार विम्याच्या नावावर भरायचे आणि विमा मात्र पुरत नाही, हे असं कितीतरी घरांत आहे.

दीड कोटीचा टर्म घ्या, साठाव्या वर्षापर्यंत. सिगारेट नसेल तर वर्षाला पंचवीस-तीस हजारांत बसेल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर आणि आरोग्यविम्यावर जीएसटी शून्य झालाय, जुनं कोटेशन कोणी दाखवलं तर फसू नका. अर्ज याच आठवड्यात करा, मेडिकल होऊन पॉलिसी हातात आली की मगच जुन्यांना हात लावा. सगळ्यात जुनी, जिची चार वर्षं राहिलीत आणि २४ हजार हप्ता आहे, ती चालू राहू दे. बाकीच्या दोन पेडअप करा, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवा, सरेंडर करून मोडू नका, जमलेला बोनस शिल्लक राहतो आणि महिन्याचे ५ हजार सुटतात.

बाबांचं वय ७१ आहे आणि त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेलं नाही असं दिसतंय. सत्तरीच्या वरच्या कोणालाही, उत्पन्न काहीही असो, वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. आधार घेऊन जा, कार्ड काढा, आणि चिंचवडजवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आत्ताच बघून ठेवा. आईंना हे लागू नाही, त्यांची वेगळी पॉलिसी घ्या, महिन्याला तीनेक हजार पडतील. फॉर्मवर बीपी-शुगर जे असेल ते सगळं खरं लिहा, एजंट नको म्हणाला तरी लिहा, क्लेम तिथेच अडकतात.

बरं, गाडी. तुमची गरज खरी आहे, सहा जणांना एकत्र जाता यावं यात काही चैन नाही. पण तुम्ही लिहिलंय की कामावर कंपनीच्या बसने जाता आणि गाडी वर्षाला सात हजार किलोमीटर चालते. हायब्रिड इथेच बाद होते. शहरात-हायवेवर मिळून हायक्रॉस १७ देईल, कॅरेन्स १२ देईल असं धरा, कंपनीचे २३ च्या वरचे आकडे सोडून द्या. सात हजार किलोमीटरला फरक पडतो पावणेदोनशे लिटरच्या आत, म्हणजे वर्षाला अठरा हजार. गाडीच्या किमतीतला फरक १४ लाख. भागायला कॅल्क्युलेटर लागत नाही, ७५ वर्षांच्या वर जातं. जो वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर चालवतो आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी हायक्रॉस उत्तम गाडी आहे, तुमच्यासाठी नाही.

रिसेलबद्दल सगळेच हे बोलतात म्हणून सांगतो. समजा आठ वर्षांनी हायक्रॉसला ४५ टक्के मिळाले आणि अर्टिगाला ४०. टक्क्यांत हायक्रॉस जिंकली, रुपयांत हायक्रॉसवर सतरा लाख बुडाले आणि अर्टिगावर आठ. रिसेल टक्क्यांत मोजू नका, खिशातून किती गेले ते मोजा.

मग अर्टिगा की कॅरेन्स? सहा जण बसले की तिसरी रांग उभी असणार, आणि तेव्हा मागे डिकी उरते अर्टिगात २०९ लिटर, कॅरेन्समध्ये २१६. दोन मध्यम बॅगा. गावाहून येताना आई शेंगा-तांदळाचं पोतं सोबत घेणारच, त्याला जागा नाही, कॅरियर लावावा लागेल. कोणी सीएनजी घ्या म्हणेल, तर अर्टिगात सिलिंडर नेमका त्याच डिकीत बसतो आणि तुमच्या सात हजार किलोमीटरला त्याची गरजही नाही. शोरूमला जाताना बाबांना घेऊन जा, त्यांचे गुडघे दुखतात म्हणताय, त्यांना तीनदा चढायला-उतरायला लावा आणि मुलांना तिसऱ्या रांगेत पाठवा. कॅरेन्सच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये मधली सीट बटण दाबलं की पुढे झुकते, मागे जाणं सोपं पडतं.

सुरक्षेचा मुद्दा मी सोडणार नाही. गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०२४ च्या चाचणीत अर्टिगाला मोठ्यांसाठी एकच स्टार मिळाला, आता सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये दिल्यात ही चांगली गोष्ट पण सांगाडा तोच. कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन होते आणि सहा एअरबॅग पहिल्यापासून आहेत. दोन मुलं आणि म्हातारे आईबाबा घेऊन हायवेवर जाणाऱ्याने हे बघायलाच हवं.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर तीन वर्षं जुनी कॅरेन्स शोधली असती. पेट्रोल, मॅन्युअल, पहिला मालक, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण, साडेअकरा-बाराच्या आत. नव्या गाडीची सगळ्यात मोठी घसरण पहिल्या तीन वर्षांत होते, ती दुसऱ्याने सोसलेली असते. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या आणि विम्याचा क्लेम इतिहास बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. दोनेक महिन्यांत मनासारखी नाही मिळाली तर नवी अर्टिगा घ्या, तीही वाईट निर्णय नाही. नवी साडेसतराची कॅरेन्स मात्र आत्ता नको, साडेबारा लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता २६ हजार होतो आणि मग टर्म, आईंची पॉलिसी सगळं पुन्हा पुढे ढकललं जातं.

पैशाची मांडणी अशी. युलिपचे परत आलेले अडीच, वॅगनआरचे अडीच, आणि नवी अर्टिगा धरली तर ८ लाखांचं कार लोन, पाच वर्षं, हप्ता १६,६००. जुनी कॅरेन्स असेल तर कर्ज साडेसहा-सात लागेल, व्याजदर जास्त असतो पण हप्ता त्याहून थोडा कमीच बसेल. तुमचे ३६ आणि पॉलिसीचे सुटलेले ५ असे ४१ हजार, त्यातून गाडी, टर्म आणि आईंची पॉलिसी जाऊन १९ हजार उरतात. त्यातले दहा मुलांच्या शिक्षणासाठी साध्या इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या) दरमहा एसआयपी करा, बाकीचे गाडीच्या पेट्रोल-विम्याला आणि एफडीत. एफडीतले साडेसहा लाख तिथेच राहू दे, ते घरातल्या सहा जणांच्या आजारपणाचे आहेत, गाडीचे नाहीत.

नवी गाडी घेतलीत तर डीलरचा इन्शुरन्स घेण्याआधी बाहेरून एक कोटेशन काढा, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर) सकट, फरक बऱ्याचदा दहा-पंधरा हजारांचा असतो. ॲक्सेसरीज किट सक्तीचं आहे म्हणाले तर लेखी द्या म्हणा. आणि दहा लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ कापलेला आयकर) घेतात तो रिटर्न भरताना परत मागायला विसरू नका.

फ्री लुकच्या अर्जावर शिक्का मिळाला की मला त्याचा फोटो पाठवा. ११ तारखेपर्यंत मिळाला नाही तर थेट फोन करा, तक्रारीचा मसुदा मी करून देतो.